गाडी सजली, पॉलिसीला कळलंच नाही

नव्या गाडीची पूजा झाली, पेढे वाटून झाले, की मुंबईत बऱ्याच जणांचा पहिला फेरा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला होतो. पुण्यात तीच गाडी नाना पेठेच्या दिशेने वळते. दुकानाचा मालक गाडीभोवती एक चक्कर मारतो, "मॉडेल कुठलं, टॉप की मिड?" असं विचारतो आणि यादी सुरू होते. सीट कव्हर, रिव्हर्स कॅमेरा, अँड्रॉइड स्क्रीन, बूफर, फॉग लॅम्प, अलॉय व्हील्स. पोरगं हट्टाला पेटलं तर मागे स्पॉयलर आणि छतावर कॅरियरही. संध्याकाळपर्यंत पाऊण लाखाचं बिल सहज होतं. त्या बिलाची बातमी घरच्यांना, मित्रांना आणि सोसायटीच्या वॉचमनलाही असते. ज्या विमा कंपनीने ही गाडी चोरीला गेली, जळाली किंवा तिचा चेंदामेंदा झाला तर पैसे देण्याचं कबूल केलेलं असतं, तिला मात्र यातलं काहीच माहीत नसतं.

गाडीत बदल केले की विमा महागतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा आहे, पण भारतात ही महागाई लोक धरून चालतात त्याच्यापेक्षा फारच थोडी असते. कळवलेल्या बदलासाठी वर्षाला काही शे किंवा दोन-तीन हजार रुपये जास्त जातात. न कळवलेल्या बदलाची किंमत क्लेमच्या दिवशी कळते आणि ती लाखांत असू शकते.

हे नीट समजायचं तर प्रीमियमची बेरीज कशी होते ते आधी पाहायला हवं. गाडीच्या पॉलिसीत दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या जिवाला, शरीराला किंवा मालमत्तेला झालेल्या हानीचा विमा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये. दुसरा भाग ओन डॅमेज, बोलीभाषेत ओडी. आपल्याच गाडीचं नुकसान, आग, चोरी, पूर हे सगळं त्यात येतं. त्याचा दर गाडीची किंमत, वय, इंजिनाची सीसी आणि नोंदणीचं शहर यांवर ठरतो.

ओडीचे दर २००६ अखेरपर्यंत देशभर एकच होते. टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटीने २००२ मध्ये 'इंडिया मोटर टॅरिफ' नावाचा ग्रंथच काढला होता. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, पण त्या ग्रंथाचा सांगाडा आजही अनेक पॉलिसींत जसाच्या तसा दिसतो. पॉलिसीच्या पानावर बारीक अक्षरात 'आयएमटी २४', 'आयएमटी २५' असे क्रमांक छापलेले असतात, ते तिथलेच. या टॅरिफने देशाचे दोन विभाग केले होते. मुंबई आणि पुणे 'अ' विभागात, कोल्हापूर, नाशिक, नागपूर 'ब' विभागात. पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला 'अ' विभागात गाडीच्या किमतीच्या ३.२८३ टक्के आणि 'ब' विभागात ३.१९१ टक्के दर होता. आज कंपन्या या मूळ दरावर घसघशीत सूट देतात, तरी हिशोबाची सुरुवात अनेकदा तिथूनच होते.

या सगळ्या सूत्रात पेट्रोल-डिझेल गाडीच्या ताकदीचा, म्हणजे हॉर्सपॉवरचा, कुठेच उल्लेख नाही.

इथे 'गाडीची किंमत' म्हणजे आयडीव्ही, विमा कंपनीने मान्य केलेलं गाडीचं मूल्य. उत्पादकाने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून ती काढतात आणि गाडीच्या वयानुसार घसारा वजा करतात. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५० टक्के. सारं प्रकरण 'उत्पादकाने जाहीर केलेली किंमत' या शब्दांत अडकलेलं आहे. कंपनीने कारखान्यात बसवलेली अलॉय व्हील्स या किमतीत आहेत. नाना पेठेत बसवलेली नाहीत. टॉप मॉडेलचा टचस्क्रीन त्यात आहे, मिड मॉडेल घेऊन नंतर बसवलेला नाही. तुमच्या लेखी गाडी एकच असली, तरी कागदावर ती शोरूममधून निघाली तेव्हा जशी होती तशीच असते.

बाहेरून बसवलेल्या वस्तू पॉलिसीत आणायचा रस्ता साधा आहे. टॅरिफमध्ये त्यांचे दोन गट होते आणि ते आजही चालतात. विजेवर चालणाऱ्या वस्तू, म्हणजे म्युझिक सिस्टीम, स्क्रीन, कॅमेरे, जादा दिवे, यांच्यावर मूल्याच्या ४ टक्के. हीच आयएमटी २४. विजेवर न चालणाऱ्या वस्तू, म्हणजे अलॉय व्हील्स, चामड्याची सीट कव्हर, छतावरचा कॅरियर, यांचं मूल्य गाडीच्या मूल्यात मिळवून गाडीच्याच दराने आकारणी.

आता हिशोब. ३५,००० रुपयांची म्युझिक सिस्टीम आणि स्क्रीन बसवली तर ४ टक्क्यांनी १,४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,६५२ रुपये. ५०,००० रुपयांची अलॉय व्हील्स पुण्यात ३.२८३ टक्क्यांनी १,६४१ रुपये, कोल्हापुरात १,५९५ रुपये, आणि कंपनीने ओडीवर सूट दिली असेल तर त्याहूनही कमी. पुढच्या वर्षी वस्तूचं मूल्य घसाऱ्याने उतरतं, तसा हा आकडाही उतरतो. पाऊण लाखाच्या सामानाची जोखीम दुसऱ्यावर टाकण्यासाठी वर्षाला अडीच-तीन हजार रुपये. तेवढे वाचवायला लोक गप्प बसतात असंही नाही. बहुतेकांना कुणी विचारलेलंच नसतं. पॉलिसीचं नूतनीकरण मोबाइलवर दोन मिनिटांत होतं. 'अॅक्सेसरीज' नावाची चौकट तिसऱ्या पानावर कुठेतरी असते आणि एजंट ती रिकामी सोडून पुढे जातो, कारण प्रीमियम वाढला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही त्याची भीती. दोष गाडीमालकाइतकाच या पद्धतीचाही आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

म्युझिक सिस्टीम कळवली नाही आणि गाडी चोरीला गेली, तर फार तर ३५,००० रुपये बुडतील. गाडीचे पैसे तरी मिळतील. सीएनजीचं तसं नाही.

महाराष्ट्रात सर्वसामान्य घरांत होणारा सर्वात मोठा बदल म्हणजे पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवणं. पेट्रोलच्या दराने कंबरडं मोडलं की माणूस गॅरेजचा रस्ता धरतो. हा बदल कायदेशीर आहे, पण त्याची वाट ठरलेली आहे. किट त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त असावं लागतं. मान्यता पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था देतात. बसवणारं गॅरेज अधिकृत लागतं. सिलिंडरवर तपासणीचा शिक्का आणि सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि दर तीन वर्षांनी त्याची पाण्याच्या दाबाखाली चाचणी करून घ्यावी लागते. हे कागद घेऊन आरटीओत गेलं की आरसीवर इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/सीएनजी' अशी नोंद होते. त्यानंतर विमा कंपनीला कळवायचं, ती पॉलिसीवर पुरवणी नोंद देते. या नोंदीला सगळे एन्डॉर्समेंट म्हणतात. ६०,००० रुपयांच्या किटला ४ टक्क्यांनी २,४०० रुपये, थर्ड पार्टी भागात आणखी ६० रुपये, जीएसटी धरून साधारण २,९०० रुपये. किट कारखान्यातूनच आलं असेल आणि त्याची वेगळी किंमत कळत नसेल, तर टॅरिफने ओडी प्रीमियमच्या ५ टक्के जादा घ्यायला सांगितलं होतं.

प्रत्यक्षात गाडी किटसह गॅरेजबाहेर पडते आणि त्याच रात्री पंपावर रांगेत उभी राहते. आरटीओचं काम 'पुढच्या महिन्यात' होणार असतं. डिक्कीत दोनशे बारच्या दाबाखालचा वायू, आरसीवर फक्त पेट्रोल आणि पॉलिसीवरही फक्त पेट्रोल. अशा गाडीला आग लागली तर कंपनी काय म्हणेल, हे सांगायला वकील लागत नाही. ज्या जोखमीचा प्रीमियम घेतला ती जोखीम वेगळी होती, असं ती म्हणेल, आणि तिचं म्हणणं निराधार नसेल.

आगीचं आणखी एक कारण इतकं किरकोळ दिसतं की त्याला कुणी बदलही म्हणत नाही. ते म्हणजे हेडलाइटचा बल्ब. पाच-सात वर्षं जुन्या बहुतेक गाड्यांत हॅलोजनचा एच४ बल्ब येतो, खालच्या झोताला ५५ वॅट, वरच्याला ६० वॅट. घाटात अंधार फार म्हणून दुकानदार १०० वॅटचा देतो. बसायला तोच, होल्डर तोच, पाच मिनिटांचं काम. गाडीची वायर मात्र ६० वॅटच्या हिशोबाने ओढलेली असते. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे सव्वाआठ अँपिअरच्या वर. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह पावणेदोन पटीच्या आसपास गेला की उष्णता पावणेतीन पट होते. होल्डरचं प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. त्यात फॉग लॅम्पसाठी कुणी मूळ वायर सोलून तिला जोड मारून वर काळी टेप गुंडाळली असेल, तर पावसाळ्यात तो जोड हिरवा पडतो आणि तिथेही उष्णता साठते. वेगळी जाड वायर, फ्यूज आणि रिले घालून हेच काम सुरक्षित करता येतं. त्याला थोडे पैसे आणि एक तास जास्त लागतो, म्हणून ते टाळलं जातं.

अशी गाडी जळून गॅरेजमध्ये आली की सर्व्हेअर येतो. आधी चासी नंबर आणि आरसी जुळवतो, मग बॉनेट उघडून आग कुठून सुरू झाली ते शोधतो. वितळलेला होल्डर, तांब्याच्या तारांची गोळी झालेली टोकं, कारखान्याच्या जुडग्यात नसलेली एखादी जादा वायर. ज्याने शेकडो गाड्या पाहिल्यात त्याला हे ओळखायला फार वेळ लागत नाही. फोटो निघतात, अहवाल जातो. अहवालातला 'बाहेरून केलेलं वायरिंग' हा उल्लेख पुढचे सहा महिने मालकाचा पिच्छा पुरवतो.

आता कायद्याकडे. विमा कंपनीच्या अटी बाजूला ठेवल्या तरी गाडीत काय बदलता येतं यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ज्या बाबी नोंदलेल्या असतात, त्यांच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांचा आधार घेऊन बदलांना मोकळीक दिली होती. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने ती रद्द केली आणि नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत, असं सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही शिक्षा फक्त कागदावर राहिलेली नाही. २०२२ मध्ये श्रीनगरच्या वाहतूक न्यायदंडाधिकाऱ्यांनी एका थार मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. पहिलाच गुन्हा म्हणून त्याला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलं, पण गाडी मूळ रूपात आणायला लावली.

रस्त्यावर ज्या गोष्टी रोज दिसतात त्यांतल्या कित्येक या कायद्याच्या कचाट्यात येतात. पुढे लावलेला लोखंडी बुल बार घ्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून त्याच्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. कारण तांत्रिक आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा असाच बनवलेला असतो. ती चुरगळण्याची क्रिया धक्का शोषते आणि एअरबॅगच्या सेन्सरला ठरलेल्या क्षणी खबर देते. मध्ये लोखंडी पाइप आला की धक्का थेट चासीत जातो आणि सेन्सरचं गणित चुकू शकतं. समोर पादचारी असेल तर त्याच्या हाडांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्येच निर्णय दिला. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, हा नियम त्याआधीपासूनच होता. गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. सीट कव्हरवर बंदी नाही, पण सीटच्या कडेत एअरबॅग असलेल्या गाडीला साधं घट्ट कव्हर चढवलं तर ती एअरबॅग उघडायला जागा राहत नाही. एअरबॅग मोजून गाडी घ्यायची आणि दुसऱ्याच दिवशी त्यांतल्या दोन शिवून टाकायच्या, हे फार वाईट आहे आणि फार सर्रास चालतं.

टायरचा बदलही असाच निरुपद्रवी वाटतो. १८५/६५ आर१५ मापाच्या जागी २०५/६५ आर१५ चढवला तर चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटरवरून साधारण ६४७ वर जातो. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी ४ टक्के जास्त पुढे जाते, तरी मीटरला ते कळत नाही. काटा १०० दाखवतो तेव्हा प्रत्यक्ष वेग त्याच्या चार टक्के वर असतो. ब्रेक मात्र जुन्याच मापाच्या चाकासाठी बनवलेले.

मग असा बदल केलेल्या गाडीचा क्लेम सरसकट नामंजूर होतो का? नाही, आणि इथे मालकाच्या बाजूनेही बरंच काही आहे. पॉलिसीच्या अटीचा भंग आणि झालेलं नुकसान यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न न्यायालयं विचारत आली आहेत. नितीन खंडेलवाल प्रकरणात खासगी गाडी टॅक्सी म्हणून वापरली होती आणि ती चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं की चोरीच्या बाबतीत वापराच्या अटीचा भंग हे सगळाच क्लेम फेटाळण्याचं कारण होत नाही. कंपनीने 'नॉन स्टँडर्ड' पद्धतीने ७५ टक्के रक्कम द्यावी. २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणात हीच वाट पुढे चालवली गेली. बदल केलेल्या गाडीचा मालक ग्राहक आयोगात जातो, तेव्हा त्याचा वकील सहसा हीच दोन नावं घेऊन उभा राहतो. स्पॉयलर लावलेली गाडी पुरात बुडाली, तर स्पॉयलरचा आणि पुराचा काय संबंध? हा युक्तिवाद टिकू शकतो. १०० वॅटचा बल्ब लावलेली गाडी होल्डरपासून पेटली, तर तिथे संबंध जळालेल्या वायरीच्या रूपाने समोरच असतो. आणि ७५ टक्के मिळाले तरी आठ लाखांच्या गाडीत दोन लाख गेलेच, शिवाय ते मिळवायला जे हेलपाटे घालावे लागतात ते वेगळे.

न्यायालयाची ही उदारता एका ठिकाणी थांबते, ती नोंदणीपाशी. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली एक बोलेरो जोधपूरमध्ये चोरीला गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं की वैध नोंदणीच नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, एक पैसाही देय नाही. ती गाडी मॉडिफाय केलेली नव्हती. तरी या निकालाकडे मॉडिफिकेशनवाल्यांनी नीट पाहायला हवं, कारण कायद्याशी न जुळणाऱ्या गाडीची नोंदणी कलम ५३ खाली आरटीओ निलंबित करू शकतं. निलंबनाच्या काळात गाडी रस्त्यावर आणली आणि काही झालं, तर कंपनी हाच निकाल पुढे करील.

थर्ड पार्टीची गोष्ट वेगळी. तुमच्या गाडीखाली कुणी सापडलं तर त्याला भरपाई मिळाली पाहिजे, मग तुमच्या गाडीत काहीही बदल असोत, हा कायद्याचा रोख आहे. कलम १५० मध्ये विमा कंपनीला बचावाची मोजकीच कारणं दिली आहेत. चालकाकडे लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत, आणि महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेणं ही त्यांतली काही. २००४ च्या स्वरन सिंग निकालापासून न्यायाधिकरणं बहुतेक वेळा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला सांगतात आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. पीडिताच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की लपवाछपवी सिद्ध झाली तर तीस-चाळीस लाखांची वसुली त्याच्या घरावर येऊ शकते.

सूत्रात हॉर्सपॉवर नाही, हे वर आलंच आहे. तरुण मालकांत सध्या इंजिनाच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर बदलायची क्रेझ आहे. ते त्याला रिमॅप म्हणतात. टर्बो डिझेलमध्ये लॅपटॉप जोडून तासाभरात इंजिनाची ओढ बरीच वाढवता येते. बाहेरून काहीच दिसत नाही, सीसी तीच, आरसी तीच, प्रीमियमही तोच. ब्रिटनमध्ये विमा कंपनी हा प्रश्न फॉर्मवरच विचारते आणि उत्तर 'हो' असेल तर दर वाढवते. आपल्याकडे सूत्रच तो विचारत नाही, म्हणून मालकाला वाटतं की सांगण्यासारखं काही नाही. पण विम्याचा करार परस्परांवरच्या संपूर्ण विश्वासाचा मानला जातो, आणि जोखीम वाढवणारी बाब न विचारताही सांगायची असते, असं कंपनी म्हणू शकते. शिवाय लॅपटॉपने केलेलं लपून राहतंच असं नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या कंपनीच्या सर्व्हरला जोडल्या की रिमॅप ओळखून वॉरंटीवर खूण बसते. आणि वाढलेल्या ताकदीमुळे टर्बो किंवा क्लच गेला, तर पॉलिसी त्याचे पैसे मुळातच देत नाही, कारण यांत्रिक बिघाड हा अपघात धरला जात नाही.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे, आणि तिकडे नोकरीला गेलेले मराठी तरुण आता थोडेथोडके नाहीत, म्हणून एक माहिती. तिथल्या २०१२ च्या कायद्यानुसार ग्राहकाने निष्काळजीपणे चुकीची माहिती दिली असेल तर क्लेम त्या प्रमाणात कापतात. खरी माहिती दिली असती तर जो प्रीमियम लागला असता, त्याच्या ६० टक्केच भरला असेल तर क्लेमही ६० टक्के. आपल्या ७५ टक्क्यांच्या ठोकळ हिशोबापेक्षा ही पद्धत जास्त न्याय्य वाटते.

बदलामुळे प्रीमियम कमीही होतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. पाय किंवा हात नीट चालत नसलेल्या व्यक्तीसाठी ब्रेक-अॅक्सिलरेटर हाताने चालवता येतील अशी गाडी बदलून घेतली आणि आरटीओने तशी नोंद आरसीवर केली, तर टॅरिफच्या आयएमटी १२ नुसार ओडी प्रीमियम निम्मा होतो. ज्यांच्यासाठी ही सवलत आहे अशा कित्येक घरांनी ती कधी मागितलेलीच नाही. एजंट सांगत नाही आणि फॉर्मवर ती चौकट शोधून सापडत नाही. एआरएआयने मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर ओडीत अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. ही रक्कम लहान आहे, पण हक्काची आहे.

याहून मोठा फरक जुन्या गाडीला इलेक्ट्रिक करण्यात पडतो. मान्यताप्राप्त किट बसवून डिझेल इंजिनाच्या जागी मोटर घालायला कायद्याने वाट आहे, आणि दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यावर तिची चर्चा वाढली. आरसीवर इंधनाचा रकाना बदलला की थर्ड पार्टीचा दर सीसीवरून किलोवॅटवर जातो. १५०० सीसीपेक्षा मोठ्या डिझेल गाडीला ७,८९७ रुपये लागत होते. तिच्यात ४० किलोवॅटची मोटर बसली तर ३० ते ६५ किलोवॅटच्या गटात २,९०४ रुपये. ओडीची बाजू मात्र इतकी सोपी नाही. लाखांचं किट घातलेल्या बारा वर्षांच्या गाडीचं मूल्य किती धरायचं, हे कंपनीशी बसूनच ठरवावं लागतं.

बदल कळवायला नूतनीकरणाची वाट पाहायची गरज नाही. पॉलिसी चालू असतानाच एन्डॉर्समेंट घेता येते. वस्तूचं जीएसटी बिल, बसवल्यानंतरचे फोटो, सीएनजी असेल तर नवी आरसी, हे ईमेलने पाठवायचं. कंपनी हवं तर गाडी पाहायला माणूस पाठवते, उरलेल्या महिन्यांपुरता जादा प्रीमियम सांगते आणि तो भरल्यावर सुधारित पॉलिसी देते. ती हातात आल्यावर त्यात 'इलेक्ट्रिकल', 'नॉन इलेक्ट्रिकल' आणि 'सीएनजी/एलपीजी' या तीन रकान्यांत शून्याऐवजी आपला आकडा आला आहे ना, हे पाहायचं. एजंटला तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर ही तपासणी सौद्याआधीच करावी. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण ओडीसाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जासोबत गाडीची पाहणी होते, आणि आधीच्या मालकाने केलेले सगळे बदल त्या दिवशी नव्या मालकाच्या खात्यावर चढतात. डिक्कीत सिलिंडर आणि आरसीवर फक्त पेट्रोल असेल, तर किटचं बिल, सिलिंडरचं प्रमाणपत्र आणि आरटीओची नोंद विकणाऱ्याकडूनच पूर्ण करून घ्यावी, मगच टोकन द्यावं. पैसे हातात पडल्यावर तो या कागदांसाठी आरटीओत यायला वेळ काढेल, याची खात्री देता येत नाही.